हनुवटीवरचा तीळ

रेवणप्पाच्या अंगावर साधा ओरखडा नव्हता. इतकी वर्षं सोलापूरच्या चादरींचे गठ्ठे ट्रकमधून वाहिले, पण कधी बोट चेपलं नाही की गुडघा फुटला नाही. नागव्वा याचं सगळं श्रेय काजळाला द्यायची. वळसंगच्या घरातून निघताना ती या मिशीवाल्या नवऱ्याच्या हनुवटीला, डावीकडे, लेकराला लावावी तशी तीट लावायची.

एका साली लायसन संपत आलं. मालक गुरुबसप्पांनी बजावलं, "अमावास्येच्या आत नवं लायसन दाखव, न्हाईतर गाडी भाच्याच्या हाती देतो." नव्या लायसनला डॉक्टरचा दाखला हवा होता.

डॉक्टरांनी डोळे तपासले, कान तपासले, खोकायला लावलं. मग ते अंगावर ओळखीची खूण शोधू लागले. ती सापडेना, आणि दाखल्यातला तो रकाना रिकामा ठेवून चालत नव्हतं. अखेर हनुवटीवर नजर गेली तसा त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी लिहिलं: डावीकडे काळा तीळ.

मोटार कचेरीच्या रांगेत ऊन मी म्हणत होतं. रेवणप्पानं पटक्याच्या सोग्यानं तोंड खसाखसा पुसलं. कारकुनानं दाखला पाहिला, चेहरा पाहिला.

"तीळ कुठाय?"

"कसला तीळ, सायेब?"

"मग हा दाखला तुमचा नाही. तीळवाल्याला पाठवा."

रेवणप्पा तसाच डॉक्टरांकडे परतला.

"काजळ हुतं ते, डाक्टर. बायकूनं लावल्यालं."

"म्हणजे मला तीळ ओळखता येत नाही? मी डोळ्यांनी पाहिलाय. आणि तीळ असा एकाएकी गेला असेल, तर तो रोग. मग फिट कसं म्हणू?"

रोगी ठरण्यापेक्षा तीळ परवडला, असं म्हणत तो घरी आला. नागव्वा म्हणाली, "पुन्यांदा लावते की."

"आन् पुन्यांदा घाम आला म्हंजे?"

ती त्याला थेट गोंदणाऱ्या केराबाईकडे घेऊन गेली. तिथं बसलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. हनुवटीवरचं गोंदण म्हणजे बायकांचं लेणं!

"फूल काढू का तुळस, दाजी?" केराबाईनं विचारलं.

"तीळ काढ."

"एवढ्या थोराड गड्याला एवढुसाच?"

सुई टोचली तसं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सूज उतरेपर्यंत अमावास्या तोंडावर आली. कारकुनानं हनुवटीवर नख घासून पाहिलं, "हं, आता तुम्ही तुम्हीच आहात," म्हणाला आणि नव्या लायसनवर शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी तो गाडीवर निघाला, तर नागव्वा काजळाची डबी घेऊन दारात उभी.

"आगं, आता हाय की कायमचा."

"त्यो सरकारचा. त्येनं नजर टळती व्हय?"

तिनं उजवीकडे दुसरी तीट लावली. तपासणी नाका दिसू लागला तेव्हा रेवणप्पानं आरशात पाहिलं. लायसनवर लिहिलेला तीळ एकच होता. सोग्याकडे गेलेला हात त्यानं पुन्हा स्टिअरिंगवर आणला. हवालदारानं विचारलंच तर सांगायचं, ह्यो दुसरा परवाच उगवला.