मागच्या कव्हरवरचा पत्ता

चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासणारी ती बाई तशी जरा भित्रीच. कुलूप लावलं तरी दोनदा ओढून बघायची. इमारतीत सगळे तिला चष्मेवालीच म्हणत. नाद म्हणाल तर एकच: कुठलाही प्रकाशक दारात उभं करत नाही अशा चित्रकारांनी स्वतः काढलेली, स्वतः छापून, पिना मारून विकलेली कॉमिक्स ती जमवायची. तीही पहिल्या छपाईचीच. दुसऱ्या छपाईत चुका सुधारलेल्या असतात, कागद बरा असतो, आणि नेमकी तिथेच तिची गोडी संपायची. घरोघर मीटरचं रीडिंग घेत फिरणारा तिचा नवरा म्हणायचा, "लोक धड वस्तू घेतात, तू बिघडलेली शोधतेस. म्हणूनच मी तुला पसंत पडलो असेन."

तिच्याकडचं सगळ्यात दुर्मीळ पुस्तक म्हणजे 'कपाटातली'. आतबाहेर निळ्या शाईत छापलेलं, कारण ऐन वेळी काळी संपली होती. बापाची पावलं वाजली की कपाटात लपणाऱ्या मुलीची गोष्ट. बापाचा चेहरा त्यात कुठेच नाही, फक्त हात आहेत. उजव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं.

तिने मुखपृष्ठाचा फोटो संग्राहकांच्या ग्रुपवर टाकला आणि लगेच फोन आला. पुरुषाचा मवाळ आवाज. पुस्तक हवंय म्हणाला. विकायचं नाही, असं तिने सांगितलं.

"बरं, मग मागच्या कव्हरवर काय छापलंय तेवढं वाचून दाखवा."

तिला चमत्कारिक वाटलं. घेणारा माणूस आधी विचारतो, पिना गंजल्यात का, कोपरे दुमडलेत का, कसर लागलीय का. ह्याने त्यातलं काही म्हणजे काही विचारलं नाही. "आत्ता हाताशी नाही," म्हणून तिने फोन ठेवला आणि पुस्तक काढून उलटं केलं. तळाशी बारीक अक्षरात होतं: प्रती मागवण्यासाठी. त्याखाली चित्रकर्तीच्या खोलीचा पत्ता. दुसऱ्या छपाईत तो गाळलाय, हे तिला पाठ होतं. का गाळला असेल, हे मात्र तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात तो दुकानात आला. ग्रुपवर तिच्या नावासोबत दुकानाचा फोटो होताच. तिने नेहमीसारखं नव्या गिऱ्हाईकाला आतल्या अंधाऱ्या खोलीत बसवलं, डोळ्यांवर तपासणीची फ्रेम चढवली आणि समोरची अक्षरं वाचायला सांगितली. तो वाचू लागला आणि तिने ओळखलं. तोच मवाळ आवाज. घसरलेली फ्रेम सावरायला त्याने हात वर केला. अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं होतं.

"मी तिचा बाप," तो अक्षरांवरची नजर न काढता म्हणाला. "पोरगी रुसून गेलीय. तुम्हीच सांगा, बापाने शोधू नये?"

क्षणभर तिचं मन द्रवलं. खरंच म्हातारा माणूस होता. पण चित्रातले ते हात तिने कितीदा पाहिले होते.

"पुस्तक विकलं मी," तिच्या तोंडून कसंबसं निघालं.

"असं?" तो सावकाश म्हणाला. "तुमचे यजमान दिवसभर बाहेरच असतात, नाही का?"

तिच्या हातातलं भिंग खाली पडलं. आवाज ऐकून मालकांनी बाहेरून विचारलं, "काय फुटलं?" तो हसला, उठला, काउंटरवर चष्म्याची ऑर्डर देऊन निघून गेला.

घरी येऊन तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. नवऱ्याची थट्टा कुठल्या कुठे पळाली. "तू त्या पत्त्यावर जाऊ नकोस. तुझ्या मागोमाग येईल तो," तो म्हणाला. "मी जातो. मीटरवाल्याकडे कोण बघतं?" तिने त्याच्याकडून पत्ता पाठ करून घेतला, मागचं कव्हर ओढून काढलं आणि गॅसवर जाळलं. एरवी कोपरा दुमडला तरी तिचा जीव कासावीस व्हायचा.

चित्रकर्ती अजून तिथेच राहत होती. मीटरवाल्याचं सगळं ऐकून घेतल्यावर तिने एवढंच विचारलं, "नख पाहिलं तुमच्या बायकोने?" मग तिने आपला नंबर दिला. दोन-चार दिवसांत खोली सोडते म्हणाली.

इकडे चष्मेवाली पहिल्या छपाईची प्रत असलेल्यांना एकेक फोन करत सुटली. पत्ता कुणालाही देऊ नका, जमलं तर खोडून टाका. बहुतेकांनी ऐकलं. एकजण मात्र उखडला. "खोडायचं? वेड लागलंय का तुम्हाला? अखंड प्रत आहे माझी! सकाळीच एका गृहस्थांना मागचं कव्हर वाचून दाखवलं. बिचारे किती अगत्याने बोलले."

तिने लगेच चित्रकर्तीचा नंबर लावला. "उठा आणि निघा. सामान राहू द्या."

चित्रकर्ती अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. पुढे घरमालकीण सांगत होती, तिची पाठ वळते न वळते तोच एक म्हातारा आला, कपाट उघडून बघू द्या म्हणाला.

चित्रकर्तीने मैत्रिणीला घेऊन पोलिसांत तक्रार दिली. बोलावणं जायच्या आतच तो तयार चष्मा न्यायला दुकानात आला. चष्मेवालीने मालकांना जवळच उभं केलं होतं. त्याने चष्मा लावला आणि तिच्याकडे रोखून पाहिलं.

"तुम्हीच कळवलंत तिला."

"कानामागे टोचत तर नाही ना?" तिने विचारलं.

पैसे ठेवून तो गेला. पोलिसांनी समज दिल्यावर तो पुन्हा त्या भागात दिसला नाही, असं म्हणतात. चित्रकर्ती आता दुसऱ्या गावी असते. कुठल्या, ते चष्मेवालीने विचारलं नाही. पुस्तकं ती अजून घेते, फोटो मात्र टाकत नाही. आणि दुकानात कुणी मवाळ आवाजात बोललं की तिची नजर आधी त्याच्या हातांकडे जाते.