देवीच्या कपाळावरची पंचमी

माझ्या भावजयीला घरात सगळे टाचणी म्हणतात. हे नाव तिच्या नवऱ्याने, म्हणजे माझ्या धाकट्या भावाने, लग्न झाल्या झाल्या ठेवलं, कारण तिच्या ओठांत कायम दोन-चार टाचण्या धरलेल्या असत आणि कोणत्याही प्रश्नाला तिचं उत्तर ‘हं’ किंवा ‘अंहं’ एवढंच येई. माझी लाँड्री आहे. तिथेच खिडकीपाशी तिचं शिलाई मशीन. पॅन्टची उंची कमी करायची, कोटाचं अस्तर बदलायचं, बिघडलेली चेन काढून नवी बसवायची, अशी कामं ती करते. तिने घातलेली टीप शोधून दाखवा म्हणून मी गिऱ्हाइकांशी पैजा लावलेल्या आहेत. मी तोंडाळ, ती मुकी. त्यामुळेच आमचं जमलं असावं.

लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत देवीचं देऊळ आहे. देऊळ म्हणजे पूर्वीचं कुणाचं तरी ऑफिस. भिंतीतून अजून टेलिफोनच्या तारा लोंबतात. आमच्या बॉयलरमुळे तिथली फरशी कायम कोमट असते आणि म्हातारी मंडळी देवीपेक्षा त्या फरशीच्या ओढीने येतात असं माझं मत आहे. मी स्वतः देवाधर्माच्या वाटेला जात नाही. किल्ली तेवढी माझ्याकडे असते.

त्या देवीच्या कपाळावर रोज चंदनाने चंद्र काढायचा असतो, आणि तोही त्या दिवशीच्या तिथीचा. शुद्ध पक्षात कोर रोज जराशी भरत जाते, पौर्णिमेला गोल होते, मग दुसऱ्या बाजूने झिजत जाते. हात सुबक म्हणून हे काम टाचणीकडे आलं. सकाळी मशीन उघडण्याआधी ती वर जायची, ओल्या फडक्याने कालचा चंद्र पुसायची आणि बारीक ब्रशने आजचा काढायची. एकदा मी तिला चिडवलं, “आभाळात फुकट दिसतो तो पुन्हा इथे कशाला काढायचा गं?” तिने ओठांतल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या. आता भाषण येणार हे मी ओळखलं.

“ताई, चंद्र म्हणजे काळ,” ती म्हणाली. “आपण सगळे त्याच्या तालावर नाचतो. आणि देवीने तो दागिन्यासारखा कपाळावर घातलाय. पंधरा कला येतात नि जातात. सोळावी म्हणजे ती स्वतः. ती वाढत नाही नि घटतही नाही.”

“बरं बाई,” म्हणून मी बॉयलर बघायला गेले. एवढं लांबलचक ती पुन्हा कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

माझा भाऊ लिफ्टचा मेकॅनिक. आडदांड माणूस, हसला की कपबशा वाजायच्या. त्याचं पोटातलं दुखणं हाडांत उतरलंय हे कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. डॉक्टरांनी आम्हा दोघींना हॉस्पिटलच्या व्हरांड्यात नेऊन सांगितलं, “घरी न्या. पंधरवडा निघाला तरी पुष्कळ समजा.” मी रडले, डॉक्टरांशी भांडले, दुसऱ्या डॉक्टरांकडे नेऊ म्हणाले. टाचणी भिंतीला टेकून उभी होती. ती स्वतःशीच म्हणाली, “आज पंचमी.” पोरीचं डोकं फिरलं असं मला वाटलं.

आम्ही त्याला घरी आणलं. पुढच्या खोलीत खिडकीशी पलंग लावला. ती त्याचं सगळं करायची, मध्येच लाँड्रीत येऊन तुंबलेली कामं उरकायची आणि सकाळी वरही जाऊन यायची. मी म्हटलं, “देवीचं आता दुसरं कुणी बघेल.” ती म्हणाली, “अंहं.”

मग एके दिवशी देवळाचे खजिनदार तावातावाने खाली आले. “तुमच्या भावजयीला काय झालंय? पौर्णिमा होऊन पाच-सहा दिवस झाले तरी देवीच्या कपाळावर पंचमीच! आमची म्हातारी माणसं चंद्र बघून उपास धरतात. एकादशीची वाट बघून बघून एक आजोबा मेटाकुटीला आलेत.”

मी वर जाऊन पाहिलं. पंचमीचीच कोर होती. ती पुसतच नव्हती. त्याच कोरीवर रोज नवं चंदन फिरवत होती, अगदी रेषेबाहेर न जाता, आणि थरावर थर चढून कोर कपाळावरून उंच आली होती. तिने डॉक्टरांचा पंधरवडा देवीच्या कपाळावर अडवून धरला होता.

खजिनदारांना मी म्हटलं, “सांगते तिला.” सांगितलं नाही. पंधरवडा तर उलटून गेला होता आणि माझा भाऊ जिवंत होता. औषधांनी असेल, त्याच्या दणकट हाडापेरामुळे असेल. मला काय कळतंय? साध्या नवसालाही नाक मुरडणारी बाई मी, पण ‘जा, पुसून टाक तो चंद्र’ हे शब्द काही केल्या माझ्या तोंडून निघेनात.

जिवंत होता म्हणजे कसा, तेही सांगायला हवं. चादर बदलायची तर आम्ही दोघी आधी एकमेकींच्या तोंडाकडे बघायचो, कारण त्याला कुशीवर वळवलं की तो ओरडायचा. गोळ्यांचा असर दोन तासही टिकेना. हात लावायला जागा उरली नव्हती. रोज वाटायचं, यापुढे आणखी काय व्हायचं राहिलंय. आणि रोज काहीतरी राहिलेलं असायचं.

एका दुपारी त्याने मला विचारलं, “ताई, हे इतकं का लांबलंय गं?”

त्याला हसवावं म्हणून मी बोलून गेले, “तुझ्या बायकोने देवीचा चंद्र पंचमीवर अडवलाय. ते आजोबा उपाशी राहायला मिळत नाही म्हणून रडतायत.”

तो हसला. हसता हसता कळ आली. टाचणी पाणी घेऊन आली तेव्हा त्याने तिचं मनगट धरलं.

“टाचणे, खरं का हे?”

तिने मान खाली घातली.

“अगं, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली ना, की आतल्या माणसाला वर जाता येत नाही नि खालीही येता येत नाही. जन्मभर मी अशी माणसं सोडवली. आता मी आत आहे. आणि ब्रेक तू दाबून धरलायस.”

“मला नाही जमणार,” ती म्हणाली.

“उद्या जी खरी तिथी असेल ती काढ. मी थकलो गं.”

ती रात्रभर त्याच्या उशाशी बसली. सकाळी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. “ताई, तुम्ही चला माझ्याबरोबर.”

वर गेल्यावर तिने चंदन उगाळलं, ब्रश धुतला, फडकं ओलं करून पिळलं. सगळं नेहमीच्या शिस्तीत. मग ते फडकं तिने माझ्यापुढे धरलं.

“तुम्ही पुसा.”

“मी? मी कशाला?”

“तुमचा विश्वास नाही ना, ताई. तुम्हाला काय फरक पडतो?”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती खरोखर विनवत होती. मी फडकं घेतलं. आयुष्यात मी हजारो डाग काढले असतील, शाईचे, तेलाचे, रक्ताचे. हा निघेना. चंदनाचे थर कडक झाले होते. मी पाण्याचा हात फिरवला, नखाने कड सोडवली, पुन्हा घासलं. माझा भाऊ, ज्याला मी कडेवर घेऊन फिरवलं, त्याचा एकेक दिवस माझ्या नखात येत होता. विश्वास नसलेल्या माणसाला असं वाटायला नको, पण वाटलं. मी मोठमोठ्याने रडायला लागले आणि रडता रडता पुसत राहिले. टाचणी माझ्या मागे उभी होती. माझ्या पाठीवरचं तिचं कपाळ मला जाणवत होतं.

कपाळ स्वच्छ झालं तेव्हा ती पुढे आली. वद्य नवमी होती. झिजत चाललेली कोर तिने एका दमात काढली.

घरी तो जागा होता. “सुटली का लिफ्ट?” त्याने विचारलं. मीच “हो” म्हटलं. त्याने डोळे मिटले आणि पुष्कळ दिवसांनी त्याला गाढ झोप लागली. पलंगाच्या दोन बाजूंना आम्ही दोघी त्याचा श्वास बघत बसलो. तो मध्येच अडायचा, पुन्हा चालू व्हायचा. अडला की टाचणी माझ्याकडे बघायची, आणि आता मलाही काही करता येण्यासारखं नव्हतं.