दत्ताचा गिंबल

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांकडे फोटो कमी आणि किस्से फार. पक्षी येतो क्षणभर, त्याची वाट बघण्यात जाते अख्खी सकाळ, आणि तेवढा वेळ जीभ काही गप्प बसत नाही. आमचं टोळकं तिघांचं. बोर्ली पंचतनात स्टुडिओ चालवणारा नझीरभाई, कंपनीतून रिटायर होऊन भातशेतीला लागलेला दत्ता, आणि मी. मी गोष्टी फुगवून सांगतो असा या दोघांचा आरोप आहे. तो खरा आहे. पण दत्ताच्या गिंबलची गोष्ट फुगवायची गरजच पडत नाही.

*

सुरुवात आगरदांड्याच्या जेट्टीवर झाली. दत्ताची लेन्स म्हणजे भात कांडायचं मुसळ. ती बसवलेली साध्या बॉल हेडवर, म्हणजे ट्रायपॉडच्या डोक्यावर एक गोळा आणि त्याला आवळणारा स्क्रू. आवळला तर लेन्स वळत नाही, सोडला तर नाकावर आपटते. सकाळपासून आम्ही समुद्री गरुडासाठी बसलेलो. तो आला, फेरीबोटीवरून वळला, दत्तानं घाईत स्क्रू सोडला आणि लेन्सनं जेट्टीला साष्टांग नमस्कार घातला. बोट बटणावर होतंच.

फोटोत नझीरभाईची चप्पल आली. एकदम शार्प.

नझीरभाई फोटो बघत राहिला. म्हणाला, "माझ्या निकाहात माझासुद्धा इतका चांगला फोटो आला नव्हता."

*

पुढच्या थंडीत दत्ताचे फोटो हलायला लागले. कुरव हललेला, खंड्या हललेला, खांबावर डुलकी काढणारा बगळासुद्धा हललेला.

"वारा हाय रे," दत्ता म्हणायचा.

"वारा फक्त तुझ्याच फोटोत सुटतो काय?" नझीरभाईनं विचारलं.

दत्तानं बटणावरचं बोट काढलं. उजवा हात आमच्यापुढे धरला. बोटं आपली आपण थरथरत होती. 

"डॉक्टरानं नाव सांगितलंय रोगाचं," दत्ता म्हणाला. "गोळ्या चालू हायत. कमी होईल, थांबायचं मात्र न्हाय. नझीर, कॅमेऱ्याला गिऱ्हाईक बघ."

जुने कॅमेरे विकणं हा नझीरभाईचा धंदा. "बघतो," म्हणाला, आणि पुढे कितीतरी दिवस त्यानं काहीही बघितलं नाही.

*

दत्ताचं मन वळवायला आम्ही त्याच्या घरी गेलो. आम्ही तोंड उघडायच्या आधीच सुमनवहिनींनी तांदूळ पाखडायचं सूप बाजूला ठेवलं.

"विकायचा म्हणतात. म्हणजे हे दिवसभर घरात. आमटीत मीठ किती घालायचं ते मला शिकवणार. त्यापरास नझीरभावजी, ते पाळण्यासारखं काय ते सांगत होता, ते आणा बघू."

पाळणा म्हणजे गिंबल हेड. त्यात जड लेन्स स्वतःच्या तोलावर झुलते. पुढे-मागे सरकवून तोल नीट बसवला की बोटानं ढकलाल तिकडे वळते, आणि सोडली की तिथंच थांबते. उडत्या पक्ष्यामागे फिरायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

*

नझीरभाईनं ओळखीच्यांकडून दोन गिंबल मागून आणले. परीक्षा दत्ताच्या अंगणात, पसंत पडेल तो विकत घ्यायचा.

पहिला हलका, देखणा, त्याला लेन्स बाजूनं अडकवायची. मला तोच पसंत होता. खाऱ्या हवेत तो कसा टिकेल, खांद्याला कसा सोसेल, यावर मी भाषण ठोकलं. दत्तानं डाव्या हातानं लेन्स हवेत धरली आणि उजव्यानं स्क्रू आवळायला गेला. बोटांना स्क्रू सापडेना. लेन्स खाली-खाली यायला लागली. शेवटी नझीरभाईनं ती खालून धरली. माझं भाषण तिथंच संपलं.

दुसरा जड, बोजड, काळाकुट्ट. पण त्याला खाली बैठक होती. लेन्स तिच्यावर नुसती ठेवायची आणि मग सवडीनं आवळायची. दत्ताचा हात थरथरत होता, लेन्स मात्र जागेवर बसली.

"ह्योच," दत्ता म्हणाला.

"अरे, वजन तरी बघ."

"वजन तू उचल. नुसतं बोलायलाच मित्र हायस काय?"

तेव्हापासून ते धूड जेट्टीपर्यंत मी वाहतो.

*

गिंबल अगदी सैल ठेवावा असं सगळे सांगतात. दत्तानं तसं केलं, तर हाताची थरथर थेट लेन्समध्ये. मग त्यानं तो किंचित आवळला. लेन्स ढकलायची ती डाव्या हातानं, आणि उजव्यात कॅमेऱ्याला लांब वायरनं जोडलेलं फोटोचं बटण. ते कितीही हललं तरी कॅमेऱ्याला पत्ता नाही. हे जमायला अख्खा सीझन गेला. दरम्यान जेट्टीवरच्या माणसांनी त्याला विचारलं, "काका, सर्व्हे चाललाय काय? रस्ता कुठनं जाणार?" दत्तानं एकाला खुशाल सांगितलं, "तुझ्या घरावरनं."

*

या वर्षी बोर्लीच्या हॉलमध्ये आमच्या फोटोंचं छोटंसं प्रदर्शन भरलं. दत्ताचा गरुड मधोमध. पाण्यातून मासा उचललेला, नखं स्वच्छ, माशाचा डोळासुद्धा स्वच्छ. पुण्याहून फिरायला आलेले एक गृहस्थ त्याच्यासमोरून हलेनात.

"हा तुमचा? काका, काय स्थिर हात असेल तुमचा."

दत्तानं चहाचा कप वहिनींकडे दिला आणि उजवा हात पुढे केला. "मिळवा."

त्यांनी मिळवला. दत्ताचा हात हलत राहिला. गृहस्थांना वाटलं, काका फार खूश झाले. म्हणून त्यांनीही जोरात हलवला. दत्ता गंभीर चेहऱ्यानं त्यांच्याकडे बघत होता आणि हात काही सोडत नव्हता. नझीरभाई भिंतीकडे तोंड करून उभा, त्याचे खांदे गदगदत होते.

शेवटी वहिनी पुढे झाल्या.

"अहो पाव्हणं, तुम्ही तरी थांबा आता. यांचं काय थांबायचं न्हाय."