सुतळीतलं 'जेवला काय?'

आमच्या नागपूरच्या तांडापेठेत प्रत्येकाचं सगळं प्रत्येकाला माहीत असतं. फक्त कवडू बारापात्रे सकाळी पाच ते सात कॉम्प्युटरसमोर बसून नेमकं काय करतो, हे नऊ वर्षांत कोणाला कळलं नाही. एकदा मी चौकात सगळ्यांदेखत विचारलं. तो म्हणाला, "डब्यांचं काम आहे गा." झालं. आठ दिवसांत तीन बायका त्याच्या घरी येऊन, जेवणाचा डबा कधीपासून लावता येईल, हे विचारून गेल्या. त्याच्या बायकोनं, अंजूवहिनीनं, तिघींनाही चहा पाजला आणि तिघींनाही सांगितलं, "माय वं, ह्यांच्या डब्यात भाजीच नसते."

कवडू माझा शाळेपासूनचा सोबती आणि भिंतीला भिंत लावून शेजारी. त्याच्या आधीची दोन भावंडं गेली होती, म्हणून हा झाल्याबरोबर त्याच्या बापानं, शालिकरामबापूंनी, त्याला शेजारणीला एका कवडीला विकला आणि परत घेतला. नाव कवडू. हा टिकला, म्हणून धाकट्याचं नाव ऐटीत चंदन ठेवलं. पण विकलं गेल्याची सवय कवडूच्या अंगात राहिली असावी. जन्मभर त्यानं जे काही केलं, ते लोकांना देऊनच टाकलं.

बापू माग चालवायचे. ते गेले, माग गेला, मागाचा खड्डा बुजवून वर फरशी घातली आणि त्याच फरशीवर कवडूचं टेबल आलं. दिवसा तो बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात कॉम्प्युटर खात्यात असायचा. सव्वासातला कारखान्याची बस. त्याआधीचे दोन तास डब्यांचे.

हे डबे मला समजले ते असे. आजकालचं मोठं सॉफ्टवेअर एकसंध नसतं, त्याचे लहान लहान बंद डबे करतात. एकात नावांची यादी, दुसऱ्यात हिशेब, तिसरा नुसते निरोप पाठवतो. पण एकमेकांशी बोलल्याशिवाय त्यांचं चालत नाही. कवडूनं त्यांच्यामधल्या गल्ल्या आखून देणारा छोटा प्रोग्राम लिहिला होता. कोण कुठे राहतो, कोणाला कोणाच्या घरी जाऊ द्यायचं, एवढंच त्याचं काम. नाव ठेवलं सुतळी. इंटरनेटवर टाकून दिला, ज्याला पाहिजे त्यानं आपल्या सॉफ्टवेअरमध्ये जोडावा. आणि लोकांनी जोडला. पाचपावलीच्या पुलापलीकडे ज्याला कोणी ओळखत नव्हतं, त्याची सुतळी नॉर्वेपासून ब्राझीलपर्यंत डबे बांधत होती. इकडे त्याच्या घरची दोरी तुटली की कपडे माझ्या अंगणात पडायचे आणि हा मलाच विचारायचा, "तुयाकडे सुतळी आहे काय गा?"

त्या प्रोग्राममध्ये अंजूवहिनीचा एक शब्द होता. खरं म्हणजे दोन.

सुरुवातीच्या दिवसांत ती एकदा चहा घेऊन आली. पडद्यावर दोन डबे पहिल्यांदाच एकमेकांशी बोलत होते. तिनं विचारलं, "हे भेटल्यावर पहिले काय म्हणतात?"

"एक म्हणतो, आहे काय. दुसरा म्हणतो, आहे."

"बस? असं कोणी बोलते काय? कोर्टात नाव पुकारल्यासारखं." तिनं कप ठेवला. "जेवला काय म्हणून इचारा ना त्याले."

कवडूनं तसंच लिहिलं. रोमन अक्षरांत. एका डब्यानं दुसऱ्याला विचारायचं, जेवला काय. दुसऱ्यानं म्हणायचं, जेवलो. मग दार उघडायचं. सोबत खुलासाही जोडला, की आमच्या नागपुरात बोलण्याची सुरुवात अशीच होते.

परदेशी लोकांना याची भलतीच गंमत वाटली. कवडूला पत्रं यायची ती याच दोन शब्दांनी सुरू व्हायची. नॉर्वेचा एक बुवा काहीतरी बिघडलं की आधी जेवणाची चौकशी करायचा, मग तक्रार. वहिनी म्हणायची, "त्याले लिवा, तू काय जेवला ते सांग पहिले." त्यानं लिहिलं, उकडलेले बटाटे आणि मासा. वहिनीनं चार दिवस हळहळ केली. "मसाला नाही, काही नाही. काहून तब्येत चांगली राहीन त्याची?" सावजी रस्सा त्याला टपालानं पाठवता येईल का, याची तिनं मनापासून चौकशी केली होती.

पोरबाळ नव्हतं. चंदनची मुलगी मयुरी यांच्याच घरी वाढल्यासारखी वाढली. शाळेतून आली की काकाच्या टेबलाखाली बसायची, मग टेबलाशेजारी, मग टेबलावर. पुढे मिहानमधल्या एका कंपनीत लागली. रक्तपेढ्यांचं सॉफ्टवेअर होतं त्यांचं. कुठल्या गटाच्या किती पिशव्या, कोणी रक्त दिलं, कोणाला लागलं. तिथे पहिल्याच आठवड्यात तिला डब्यांच्या गल्लीत काकाची सुतळी दिसली. तिनं ऑफिसातूनच फोन केला, "काकू, इथंही तूच जेवण इचारून राहिली वं!"

वहिनीनं ही गोष्ट सगळ्या मोहल्ल्याला सांगितली. कोणाला काही कळलं नाही, पण सगळ्यांनी पेढे खाल्ले.

कवडू रोज दुपारी एक वाजता कारखान्यातून घरी फोन करायचा. भिंत पातळ आणि माझे कान लांब, म्हणून वहिनीकडची बाजू मला पाठ आहे.

"हो, जेवली. तुम्ही? ... बरं."

पंधरा वर्षं हाच फोन. तो तिकडून काय म्हणायचा ते मला ऐकू येत नव्हतं, पण फार काही म्हणत नसावा. गेल्या हिवाळ्यात वहिनी वाळत चालली. मी चिडवलं, "वहिनी, डाएट करून राहिल्या काय?" ती हसली. म्हणाली, "तुमच्या पोटाकडे पाहून भेव लागलं मले." मी घरी येऊन हा विनोद बायकोला सांगितला. छान झाला होता विनोद.

माघात ती ओट्यावर बसली ती उठलीच नाही. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कवडूला विचारलं, तेव्हा मी बाजूलाच होतो.

"यांचं जेवण किती दिवसांपासून कमी आहे?"

"कमी कुठं? रोज एक वाजता इचारतो ना मी."

"मग त्या काय सांगतात?"

"जेवली म्हणते."

बाईंनी वजनाची चिठ्ठी पाहिली आणि घडी करून ठेवली. वहिनी भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच म्हणाली, "तुम्ही तिकडे डबा उघडून बसले राहता. नाही जेवली म्हटलं असतं, तर घास अडकला असता तुमचा."

पोटाचा आजार होता. चार महिने घास जात नव्हता तिच्या. त्या चार महिन्यांत कवडूच्या डब्यात एकही दिवस भाजी कमी पडली नाही.

दवाखान्याच्या नवव्या दिवशी पोलंडमधल्या एका मुलीचं पत्र आलं. सुतळीत भोक सापडलं होतं. कोणताही परका डबा दाराशी आला, त्याला प्रश्न विचारला आणि तो 'जेवलो' म्हणाला, की सुतळी त्याला आत घेते. खरा आहे की खोटा, काही पाहत नाही. कोणीही चोर त्या शब्दावर घरात शिरेल. कवडूनं पत्र वाचून फोन खिशात टाकला. मग पत्रांची रीघ लागली. आधी नम्र, मग रागाची, मग कोणीतरी विचारलं, हा माणूस जिवंत आहे काय. तो वहिनीला चमच्यानं पाणी पाजत होता.

चौतिसाव्या दिवशी वहिनी गेली.

तेरवी झाल्यावर तिसऱ्या दिवशी मयुरी आली. मी कवडूजवळ बसलो होतो. ती उभीच राहिली.

"काका, आमच्या कंपनीनं सोमवारपर्यंत मुदत दिली. सुतळीची दुरुस्त आवृत्ती घालायची, नाहीतर सुतळीच काढून दुसरं काही घालायचं. लोकांच्या रक्ताची नावं आहेत त्याच्यात, काका."

"करतो ना. डब्यांना किल्ल्या देतो. ज्याच्याजवळ खरी किल्ली, तोच आत."

"आणि प्रश्न?"

"प्रश्न राहू दे. किल्लीही पाहू, इचारूही."

मयुरीनं ओठ चावला. "तुमीच शिकवलं मले. प्रश्न ठेवला, तर जुने डबे जुन्या उत्तरावरच आत येत राहतीन."

"मी करतो म्हटलं ना वं!"

पंचेचाळीस वर्षांत तो कोणावर ओरडलेला मी पाहिला नव्हता. मयुरी चप्पल घालून निघून गेली.

त्यानं चार दिवस लावले. बुजवलेल्या खड्ड्यावरच्या त्या टेबलाशी सकाळपासून बसायचा. प्रश्न शोभेपुरता ठेवून पाहिला, प्रश्न किल्लीच्या मागे लपवून पाहिला. लिहिलं की मयुरीला पाठवायचा. मयुरी तपासायची आणि दर वेळी त्या दोन शब्दांतूनच आत शिरून दाखवायची. चौथ्या दिवशी, रविवारी, ती स्वतः आली. त्याच्या खुर्चीजवळ फरशीवर बसली, लहानपणी बसायची तशी.

"शिरली काय आजही?" त्यानं विचारलं.

"शिरली."

"कसं वं?"

"जेवलो म्हटलं, काका. बाकी काहीच केलं नाही मी."

कवडू पडद्याकडे पाहत राहिला. मग माझ्याकडे वळून, जणू मीच पोलंडचं ते पत्र लिहिलं होतं अशा आवाजात म्हणाला, "जेवली म्हटल्यावर आणखी काय तपासाचं असते गा माणसानं? सैपाकाचा गंज उघडून पाहाचा काय?"

लोकांना पोट धरून हसायला लावण्याबद्दल माझी ख्याती आहे. त्या वेळी मी नुसता पोट धरून बसलो होतो.

"पाहाले पाहिजे होता," तो म्हणाला. "एक दिवस सुट्टी टाकून पाहाले पाहिजे होता."

त्यानं ती ओळ काढली. मला वाटलं होतं काहीतरी मोठं दिसेल. एक बोट, एक कळ, आणि खालची ओळ वर सरकली. सुतळीची नवी आवृत्ती त्यानं जगापुढे ठेवली आणि खाली लिहिलं, दुरुस्तीला उशीर झाला, माफ करा. कारण लिहिलं नाही. नॉर्वेच्या बुवाचं लगेच उत्तर आलं, प्रश्न कुठे गेला? ते पत्र अजून तसंच पडलं आहे.

सोमवारी सकाळी मयुरीनं ऑफिसातून फोन केला. कवडूनं तो टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला. ती एकेक डबा बंद करून नव्या सुतळीवर चढवत होती आणि सांगत होती. नावांचा झाला. साठ्याचा झाला. निरोपांचा झाला.

"काका, आता एकच जुना राहिला. हिशेबाचा."

"थांब."

ती थांबली. तिच्यामागे ऑफिसातली माणसं बोलत होती.

"आता काय लिहून आलं त्याच्यावर?"

"जेवला काय." तिनं वाचून दाखवलं. "समोर कोणी नाही, काका. बाकीचे नव्यावर गेले. हा एकटाच इचारून राहिला."

"किती वेळा?"

"दर पाच सेकंदाले."

कवडूनं हात टेबलावर सपाट ठेवला. मी मोजत नव्हतो, पण बरेच पाच सेकंद गेले.

"कर," तो म्हणाला.

त्यानंतर तो कारखान्यात जाऊ लागला. सव्वासातची बस, संध्याकाळी परत. कारखान्यातल्या, मोहल्ल्यातल्या सगळ्यांनी ठरवलं की कवडू सावरला. मी रोज संध्याकाळी ओट्यावरून विचारायचो, "जेवला काय गा?" तो आतून म्हणायचा, "जेवलो ना बा." मग मी घरात जाऊन ताटावर बसायचो. मयुरीही फोनवर विचारायची. तिलाही तेच.

दहाव्या-बाराव्या दिवशी मी असंच विचारलं, त्यानं तसंच सांगितलं, आणि मी वळणार तोच मयुरीची स्कूटी दाराशी थांबली. हेल्मेटसुद्धा न काढता ती सरळ स्वयंपाकघरात गेली. झाकण उचलल्याचा आवाज आला. मग दुसऱ्या गंजाचं. मग पिठाच्या डब्याचं. मी मागोमाग आत गेलो. गंज कोरडे होते. शेगडीवर धूळ होती. पिठात जाळी धरली होती, आणि शेगडीशेजारी वहिनी त्याला भरून द्यायची तो तीन कप्प्यांचा डबा धुऊन उपडा ठेवला होता, रोज धुतल्यासारखा लख्ख.

मयुरीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मी घरून कणीक आणली. बायकोनं वरणाची वाटी दिली. मयुरीनं पोळ्या केल्या, वाकड्या, काकूनं कितीही शिकवून न जमलेल्या. कवडू पाटावर येऊन बसला. चोरी सापडलेल्या माणसासारखा खाली पाहत त्यानं पहिला घास घेतला.

मयुरी त्याच्यासमोर मांडी घालून बसली. हेल्मेट मांडीवर. घास तोंडात गेला, तो चावला, गिळला, तोपर्यंत ती त्याच्या गळ्याकडे पाहत होती.

"काय पाहून राहिली वं?" कवडू म्हणाला.

"काही नाही. जेवा."