गॉलवेला वाढायचं पान

आमच्या गल्लीतल्या संत्रावाल्या काकू कोणालाही "कसं झालं?" असं विचारत नसत. लग्न असो, इंटरव्ह्यू असो, दवाखाना असो, त्यांचा प्रश्न एकच: "काय खाल्लं?" बाकीचं त्यांना त्यावरून समजत असे. एकदा माझी बायको माहेरून आली आणि म्हणाली, "पिठलं-भाकर." काकू म्हणाल्या, "भावासंग भांडून आली वाट्टे." खरंच होतं.

माहेर शेंदूरजनाघाटच्या संत्राबागेतलं, म्हणून संत्रावाल्या. नवरा लवकर गेला. एकुलता मुलगा नितीन आयर्लंडमधल्या गॉलवे नावाच्या समुद्रकाठच्या शहरात, एका हॉटेलात स्वयंपाकी होता. दर रविवारी फोनवर तो आईला आठवड्याचं खाणंपिणं सांगायचा. घरात अंडंही न येऊ देणाऱ्या काकू शिंपल्यातली कालवं, माशांचं सूप, काळी बिअर, सगळं शांतपणे ऐकून घ्यायच्या. "कालवं जिती खाता?" एवढंच एकदा विचारलं.

"हो, लिंबू पिळून."

"बरं. लिंबू तरी हाये."

नितीन तिथेच गेला, झोपेत, हृदय बंद पडून. अमरावतीला राख आली. दहाव्याला नदीवर पुरण, वडे, कढी असं पान ठेवलं. कावळे झाडावर बसून राहिले. "आईला सांभाळू", "तुझी मोटारसायकल विकणार नाही", नातेवाइकांनी हात जोडून सुचतील ती वचनं दिली. एकही कावळा खाली उतरला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

काही दिवसांनी काकू माझ्या टूर्सच्या ऑफिसात आल्या. "आपन त्याले चुकीचं वाढलं, भाऊ. जीभ तिकडची झाली होती त्याची. मले गॉलवेले ने. तो जे खाये, ते तिथंच वाढीन म्हनलं."

समजूत घालणं मला जमत नाही. मी कागद ओढला आणि क्रम लावायला लागलो. सकाळी बाजारातला जाड तपकिरी पाव आणि खारं लोणी, मग धक्क्याजवळची कालवं, मग सूप, शेवटी बिअर. काकूंची अट एकच: "दोपार व्हाच्या आंदी पान वाढलं पायजे." बिअरची दुकानं उशिरा उघडतात, म्हणून बाटली आदल्या दिवशी घ्यायची ठरली.

"दारू नक्की वाढायची?" मी विचारलं.

"पेत होता ना? मंग लिही. अर्धा गिलास. जास्ती नाई."

घरची संत्री न्यायची का, तेही निघालं. फळं नेता येत नाहीत, म्हटल्यावर म्हणाल्या, "राहू दे. त्याले संत्र्याचा वीटच होता."

नितीनच्या तिथल्या सोबत्याला मी फोन केला. कावळे आहेत, तो म्हणाला, पण समुद्रपक्षी आधी झडप घालतात, माणसाच्या हातातलं पळवतात. काकूंनी विचार केला. "तिकडचा तोच कावया समज."

बेत आखताना त्या मध्येच थांबायच्या, दाराकडे कान द्यायच्या आणि म्हणायच्या, "नाई म्हनते तो. लोनी आनखी पायजे." मी लोणी वाढवायचो. वाद कशाला घालायचा, असं सुरुवातीला वाटे. पुढे मीही त्या थांबण्याची वाट पाहू लागलो. एका दुपारी, ऑफिसात मी एकटाच असताना, सूप आधी की कालवं आधी, असं मोठ्याने विचारून बसलो आणि दाराकडे पाहिलं. मग उठून दार लावून घेतलं.

व्हिसा आला, आम्हा दोघांची तिकिटं झाली, काकूंनी कोऱ्या पत्रावळी बॅगेत तळाला ठेवल्या. निघायच्या आठवड्यात त्या जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत.

त्यांच्या दहाव्याला पान ठेवून माणसं मागे सरायच्या आत कावळा आला. "तृप्त गेल्या," सगळे म्हणाले. मी मान हलवली नाही. इतके दिवस त्यांच्यासमोर बसून मी तो बेत आखला होता; काकू तृप्त नव्हत्या. त्यांना घाई होती.

त्यांचं तिकीट मी रद्द केलं, माझं पुढे ढकललं आहे. पुढच्या महिन्यात निघतो. बेत तोच, क्रम तोच, पत्रावळी माझ्या बॅगेत. काकू माझ्याआधी तिथे पोचल्या असतील, याची मला भीती वाटते. पोचल्या नसतील, याची जास्त.