हात ठेवून ‘जा’ म्हणा

“लोखंड काय पळून चाललंय व्हय?”

हे वाक्य मी चार-पाच महिने ऐकलं आणि दर वेळी माझ्या कपाळाची शीर तडतडली. ते म्हणताना भंगारवाले तात्या नेहमी खाली बसत. घाईतला माणूस समोर आला की मुद्दाम उकिडवं बसायचं, टोपी काढून गुडघ्यावर अडकवायची आणि मग बोलायला लागायचं. समोरच्याला वाकावं लागे, आणि वाकून कुणाशी भांडता येत नाही.

बारामती एमआयडीसी ओलांडून भिगवणच्या रस्त्याला लागलात, तर त्यांचं भंगाराचं आवार तुम्हीही पाहिलं असेल. उसाच्या ट्रॉल्यांचे सांगाडे, टप उडालेल्या जीपा, वह्यांसारखी एकावर एक रचलेली मोटारींची दारं. पाहुण्यांना बसायला एका जुन्या बसचं बाकडं. एका जीपच्या मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली, म्हणून ती जीप पिल्लं निघेपर्यंत तोडायची थांबली होती. हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी दुसरा भंगारवाला शोधला असता.

मला घाई होती, आणि तिचं कारण कुणालाही पटण्यासारखं होतं.

माझे वडील गुरांचे डॉक्टर. त्यांची पांढरी मोटार कऱ्हाटीपासून इंदापूरपर्यंत गोठ्यागोठ्यांतून फिरलेली. ते गेले आणि मोटार अंगणात राहिली. चारही टायर बसले, बॉनेटखाली उंदरांनी घर केलं. तेही चाललं असतं. पण आईची आठवण तोपर्यंत विरत चालली होती. वडील गेलेले तिच्या ध्यानात राहत नसे. सकाळी ती ओट्यावर यायची, मोटारीकडे बघायची आणि दोन कप चहा ठेवायची.

“आई, नाना वारले,” मी सांगायचो.

“काहीतरी बोलू नकोस. गाडी उभी आहे की. घरातच असतील.”

मग मी पुन्हा सांगायचो. मग ती मला खोटारडा म्हणायची, आणि त्यानंतर कधीतरी एकदम तिला खरं वाटायचं आणि ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडायची. असं रोज. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करणारा माणूस. हळू बोलणं हा माझा धंदाच. पण सकाळी साडेनऊपर्यंत माझा आवाज बसलेला असे. मला एवढंच ठाऊक होतं, की ही मोटार अंगणातून गेली तर हे थांबेल.

मोटार मोडीत काढायच्या कागदांसाठी आरटीओच्या तीन खेपा झाल्या. एकदा मृत्यूचा दाखला मीच घरी विसरलो, एकदा वारसांच्या सह्यांमध्ये आईची सही दुसऱ्याच रेघेवर झाली. शेवटी सगळं हातात आलं आणि मी तात्यांकडे गेलो.

ते दुसऱ्या दिवशी आले. मोटारीभोवती फिरले, पत्रा दाबून पाहिला, खाली वाकून चासी पाहिली. मग बसले, टोपी गुडघ्यावर.

“डॉक्टरांची हाय व्हय ही? आमच्या आज्याच्या मेंढरांना सुई टोचायला हीच यायची. घरची बाई कुठं हाय?”

“आई आहे. तिचं काय?”

“त्यांनी बॉनेटवर हात ठिवून ‘जा’ म्हणायला पायजे. आमच्या घरात मेंढरू इकायचं तर आजी त्याच्या पाठीवर हात ठिवायची. ती ‘जा’ म्हणली की मगच दावं दुसऱ्याच्या हातात.”

“तात्या, ही मोटार आहे.”

“म्हून तर पायाच्या जागी चाकं हायती,” ते म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. मला हसू आलं नाही.

मी त्यांना आईची अवस्था सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मग थांबू की. लोखंड काय पळून चाललंय व्हय?”

त्या काळात मी त्यांच्याबद्दल जे जे मनात बोललो, ते ग्रंथालयातल्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. दर पंधरा दिवसांनी ते येत. आईशी बोलत बसत. आई त्यांना गॅरेजवाला समजायची.

“ब्रेक बघा हो जरा. ह्यांना रात्री-अपरात्री जावं लागतं.”

“मी दुरुस्तीवाला न्हाय ओ, आई. भंगारवाला हाय.”

“मग इथं काय काम?”

“हेच काम.”

आणि चहा पिऊन मोकळ्या हातांनी परत. मी फाटकापर्यंत जाऊन त्यांच्यावर चिडायचो. एकदा ते मला म्हणाले, “सर, तुमी ॲल्युमिनियम हाय. वजनाला हलकं, तापलं की लगीच वाकतंय.”

“आणि तुम्ही?”

“मी बीड, ओतीव लोखंड. वाकत न्हाय. ठोकलं की फुटतंय.”

सातव्या का आठव्या खेपेला मी लबाडी केली. आईला सांगितलं, की मोटार दुरुस्तीला न्यायची आहे, तिच्यावर हात ठेव आणि ‘जा’ म्हण. आई आनंदाने उठली. तात्यांचा टेम्पो फाटकात उभा होता, साखळी अडकवून झाली होती. आईने बॉनेटवर हात ठेवला, थोपटल्यासारखं केलं आणि म्हणाली, “जा. लवकर ये.”

तात्यांनी साखळी सोडली. साखळी गोळा करून टेम्पोत टाकली तेव्हा झालेला आवाज मला थोबाडीत बसल्यासारखा वाटला.

“दुसरा कुणीतरी नेईल,” मी ओरडलो.

“नेईल की,” ते म्हणाले. “फोन लावू का?”

मी लावू दिला नाही. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

पुढच्या खेपेला ते आईच्या पायाशी ओट्यावर बसले आणि त्यांनी सरळ सांगितलं, “आई, डॉक्टर वारले. त्याला आता वरीस होत आलं. गाडी कुजायला लागलीय. मी ती तोडणार हाय. परत यायची न्हाय.”

आईने मोटारीकडे पाहिलं. “मला कुणी सांगितलं नाही,” ती म्हणाली.

“आता सांगतोय की.”

ती रडली, पण ओरडली नाही. मग स्वतःच उठली, अंगणात गेली, हात ठेवला. “जा,” म्हणाली. नंतर पदराने बॉनेटवरची धूळ पुसली, हात ठेवला होता तेवढ्याच जागेवरची. त्या दुपारी मोटार गेली. चार दिवसांनी तात्यांनी चासी नंबरचा कापलेला तुकडा आणून दिला. तो जमा केला, नोंदणी रद्द झाली. कागदांतून तरी मी सुटलो.

पण त्या चार दिवसांत काय झालं, ते सांगायचं राहिलं. मोटार गेल्याच्या दुसऱ्याच सकाळी आई ओट्यावर आली, रिकाम्या अंगणाकडे पाहिलं आणि म्हणाली, “सकाळीच बाहेर पडलेत वाटतं.” आणि फाटकाशी जाऊन उभी राहिली. दुपार झाली तरी आत येईना. मोटार होती तेव्हा ती निदान सावलीत बसून वाट बघत होती.

मी आवारात जाऊन तात्यांवर तोंड सोडलं. चूक माझी होती, आणि म्हणूनच आवाज जास्त चढला. ते या वेळी खाली बसले नाहीत.

“हे माझ्या बी ध्यानात आलं न्हवतं, सर,” एवढंच म्हणाले.

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी ते आमच्याकडे यायला लागले. न्यायला आता काही नव्हतं. येऊन आईला फाटकातून आत आणायचे, ओट्यावर बसवायचे आणि सांगायचे, “डॉक्टर वारले, आई. गाडी मी तोडली.” आई त्यांचं ऐकायची. माझं ऐकत नसे. मी एकदा विचारलं, असं का.

“तुमी सांगताना घड्याळाकडं बघता,” ते म्हणाले.

राग आला, कारण खरं होतं. कॉलेज अकराला भरतं.

एका बाजाराच्या दिवशी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, दोन दिवस अंगात ताप होता, तिसऱ्या दिवशी गेले. मी आवारात जाऊन आलो. फाटकाला कुलूप होतं. आत बसच्या बाकड्यावर वाळलेल्या पानांचा थर होता आणि कोंबड्या कुणीतरी नेल्या होत्या.

घरी आलो तर आई ओट्यावर होती. फाटकाशी नाही, ओट्यावर.

“तो भंगारवाला आला नाही अजून?”

मी तिच्याशेजारी बसलो. काय सांगायचं ते वाटेत ठरवून आलो होतो. वर्षभर याच एका गोष्टीसाठी मी भांडलो होतो, की तिला खरं कळावं आणि कळलेलं राहावं. ती माझ्याकडे बघत होती.

“भिगवणला गेलेत,” मी म्हणालो. “कुणाची तरी जीप आणायला.”

“एवढ्या उन्हात?” ती म्हणाली. “आला की पाणी मागेल. भरून ठेव.”

मी आत गेलो, माठातलं पाणी तांब्यात भरलं, वर फुलपात्र पालथं घातलं आणि ओट्यावर आणून ठेवलं.