पाण्यावर तरंगलेलं तेल

"हात काढा."

मिस्त्रींचं पहिलं वाक्य हेच असायचं. गाडी कोणाचीही असो, मालक बोनेटवर हात ठेवून कौतुकानं काही सांगायला लागला की हे म्हणायचे, "हात काढा आधी." मग आपले दोन्ही तळवे गाडीच्या एका कोपऱ्यावर टेकवून अंगाचा सगळा भार टाकायचे आणि एकदम सोडून द्यायचे. गाडी वर आल्यावर किती झोके घेते ते मोजायचे. दीड झोक्यात थांबली तर ठीक. जास्त झाले तर मालकाकडे असं बघायचे की त्यानं खाली बघावं.

पुसदला बाजार समितीच्या मागच्या रस्त्यावर टिनाच्या शेडमध्ये त्यांनी एकतीस वर्षं दोनच कामं केली. कमानी-शॉकअपचं आणि ब्रेकचं. इंजिनाला हात लावत नसत. का, असं विचारलं तर म्हणायचे, "इंजिन बंद पडलं तं मानूस पायी घरी येते. ब्रेक गेला तं चौघाइच्या खांद्यावर येते."

एकदा एक ट्रकमालक म्हणाला, "मिस्त्री, सध्यापुरतं करून द्या." मिस्त्री ट्रकखालून बाहेर आले, कपड्याला हात पुसले आणि म्हणाले, "सध्यापुरतं मरता का?" किल्ली त्याच्या खिशात घातली आणि ट्रक शेडबाहेर ढकलायला स्वतः खांदा लावला.

असा रागीट कारागीर तुमच्याही गावात असेल. आपण त्याला 'तिरपागडा आहे, पण काम सोन्यासारखं' असं म्हणतो आणि त्याच्याकडे जात राहतो. मीही गेलो. मला आज जो राग येतो तो मात्र त्यांचा नाही.

माझ्या मामांची एक जुनी स्पोर्ट्स कार होती. दोन सीटची, उघड्या टपाची, लाल, परदेशी. मामांनी ती तरुणपणी नागपूरहून आणली होती. शेवटची सव्वीस वर्षं ती गोठ्याशेजारी उभी होती. मामा गेल्यावर विलासदादा, म्हणजे माझा मामेभाऊ, म्हणाला, "घेऊन जा तुझ्याकडं. जागा अडून राह्यली." चारही चाकं जाम, कमानींचे पाटे गंजून एकमेकांना चिकटलेले, ब्रेकच्या नळ्यांत गांधीलमाश्यांची माती. मी ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवून मिस्त्रींकडे नेली.

"हात काढा," मिस्त्री म्हणाले. कोपरा दाबला. गाडी हललीच नाही. मग ते हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. "मोजनीसाहेब, हे तं मुर्दा हाय. पन हाडं चांगले हायेत."

मी जमीन मोजणीच्या खात्यात आहे, म्हणून मोजणीसाहेब. आकड्यांची मला सवय आहे. बायको त्याला रोग म्हणते. मी त्या गाडीचं इंग्रजी माहितीपुस्तक इंटरनेटवरून मिळवून छापून घेतलं आणि सात महिने रोज कचेरी सुटली की शेडमध्ये जाऊन बसलो. "तिथंच चूल मांडा," बायको म्हणायची.

मिस्त्री गाडीखाली, मी स्टुलावर. ते ओरडायचे, "किती?" मी आकडा वाचायचो. पुढचे शॉकअप त्यांनी पूर्ण खोलून आत नव्या पितळी बुश बसवल्या. त्या बुश लेथवर तीन वेळा कातून घेतल्या, कारण दोन वेळा त्यांच्या मनाला बसल्या नाहीत. मागच्या कमानीचा एकेक पाटा सुटा करून, घासून, गरम करून त्याला बाक दिला. ब्रेकचे ड्रम कातले, ड्रमला घासणारे लायनर नवे, नळ्या तांब्याच्या नव्या, सिलिंडरमधली रबरं नवी. रबरांचे दोन संच मागवले, एक बसवला, दुसरा माझ्याकडे ठेवायला दिला.

काम उरकत आल्यावर मी टेप लावला आणि म्हणालो, "मिस्त्री, उजवी बाजू अकरा मिलिमीटर वर आहे."

"बसा."

"कुठं?"

"गाडीत बसा, अजून कुठं!"

मी उजव्या बाजूला स्टिअरिंगमागे बसलो. त्यांनी माझ्याच हातातला टेप ओढून घेतला, मोजलं आणि दाखवलं. फरक दोन मिलिमीटर. "तुमचं वजन धरलं व्हतं," ते म्हणाले. "पुस्तकात तुमचं पोट नाई."

ब्रेकच्या चाचणीची त्यांची रीत वेगळीच होती. मागच्या रिकाम्या रस्त्यावर चुन्यानं आडवी रेघ मारायची. मालकानं ताशी चाळीसच्या वेगानं यायचं आणि रेघेवर ब्रेक दाबायचा. रेघेपुढे पस्तीस फुटांवर मिस्त्री स्वतः उभे राहायचे. रस्त्याच्या मधोमध, हाताची घडी घालून.

मी नाही म्हणालो. "या!" ते तिकडून ओरडले. "मी उभा हाओ ना!"

मी गेलो. गाडी थांबली. उतरून मोजलं. बंपर आणि त्यांच्या नडग्या यांत नऊ फूट अंतर शिल्लक होतं. ते अंतराकडे बघतही नव्हते. "डाव्या अंगाले जराशी ओढते," म्हणाले आणि पुढचा ड्रम पुन्हा खोलला.

लाल गाडी पुसदच्या रस्त्यावर फिरायला लागली आणि विलासदादाला आठवलं की ती त्याच्या बाबांची आहे. मुलीच्या लग्नात नवरदेवाची वरात तिच्यातून काढायची असं त्यानं ठरवलं. माझी हरकत नव्हती. लग्नाच्या आठ दिवस आधी गाडी त्याच्या वाड्यात नेऊन लावली. मिस्त्रींनी बजावलं होतं, "कोनाले हात लावू देऊ नका. लायनर नवे हायेत, बसून राह्यले. तेल जरासं खाली जाईन. जाऊ द्या."

मी रोज सकाळी स्टीलची पट्टी घेऊन जायचो. तिसऱ्या दिवशी ब्रेकच्या तेलाची पातळी खुणेच्या चार मिलिमीटर खाली होती. मिस्त्रींनी सांगितलं होतं तसंच. पण आकडा कमी दिसला की माझ्यानं गप्प बसवत नाही. मी दादाला म्हणालो, "चार मिलिमीटर कमी आहे."

दादानं ट्रॅक्टरच्या तेलाचा पिवळा डबा आणला.

"दादा, मिस्त्रींना विचारू या."

"अबे, तेलाले तेल. एवढा मोठा ट्रॅक्टर चालते, आन् हे खेळनं नाई चालनार?"

त्यानं ओतलं. मी पट्टी लावली. पातळी बरोबर खुणेवर आली होती. आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच झालं म्हणून लिहितो.

ट्रॅक्टरचं तेल ब्रेकच्या रबरांना चालत नाही. ती फुगतात आणि ब्रेक चाकाला आवळलेलाच राहतो. वरातीच्या दिवशी भर दुपारी, बँडच्या मागून गाडी पायी चालीनं जात असताना आधी चाकांतून धूर आला आणि मग उतारावर ब्रेकचं पेडल थेट तळाला गेलं. दादाच चालवत होता. बँडमधल्या एका वाजवणाऱ्याचा पाय चाकाखाली आला. घोट्याचं हाड मोडलं. गाडी स्वागत कमानीच्या खांबावर थांबली. संध्याकाळपर्यंत साऱ्या पुसदला माहीत झालं की मिस्त्रीनं काम खराब केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री न बोलावता वाड्यात आले. व्याही, पाहुणे, पन्नासेक माणसं अंगणात होती. त्यांनी तेलाचं झाकण काढलं, बोट बुडवून वास घेतला आणि काचेचा ग्लासभर पाणी मागितलं. त्यात ते तेल थेंबभर सोडलं.

"ब्रेकचं तेल पान्यात इरघळते," ते म्हणाले. "हे पाहा. तरंगून राह्यलं. यात कोनं काय टाकलं?"

"कोनं काई नाई टाकलं," दादा म्हणाला. "तूच टाकलं असशीन. आता ग्लास दाखवते!"

मिस्त्री माझ्याकडे वळले. "मोजनीसाहेब, तुमी रोज पाहत व्हते. सांगा."

व्याही माझ्याकडे बघत होते. कालची नवरी दारात उभी होती. दादा माझ्याकडे बघतच नव्हता, त्याला माझी खात्री होती.

मी म्हणालो, "मला कल्पना नाही."

मिस्त्रींनी ग्लासातलं पाणी तुळशीपासून लांब, कोपऱ्यात ओतलं, ग्लास विसळून ओट्यावर पालथा ठेवला आणि गेले.

एका शाळेच्या दोन बस त्यांच्याकडे असायच्या. त्या आठवड्यातच गेल्या. मग ट्रकवाले गेले. जे एकतीस वर्षं 'हात काढा' ऐकून घेत होते, ते आता पानठेल्यावर सांगायचे की तो म्हातारा तसा पहिल्यापासूनच अंदाजानं काम करायचा. अंदाजानं! हा शब्द ऐकला की माझ्या कानशिलाची शीर ठणकते. पण तो ऐकताना मी तिथंच उभा होतो, आणि पान खाऊन घरी आलो. चार महिन्यांत शेड बंद झालं. मिस्त्री मुकुटबनला मुलीकडे राहायला गेले असं कळलं.

गाडी माझ्या दारात उभी होती. एका रविवारी मी सिलिंडर खोलून रबरं काढली आणि उरलेल्या नव्या संचाशेजारी ठेवून मोजली. नवं रबर साडेएकोणीस मिलिमीटर. काढलेलं बावीस. चारही चाकांचं मोजलं, वहीत लिहिलं, काढलेली रबरं बरणीत घातली.

लग्नाला वर्ष उलटून गेल्यावर दादाच्या नातवाचं बारसं होतं. तेच अंगण, बरीचशी तीच माणसं. मी बरणी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. डबा कोणी आणला, कोणी ओतला, कोणी बघितला आणि कोण खोटं बोललं. शेवटचं नाव माझं घेतलं.

दादा म्हणाला, "आज कायले काढलं हे? पोराचं बारसं हाय." मग मला बाजूला घेऊन, "एका मिस्त्रीसाठी घरातल्या मानसाले उघडं पाडतं?"

मी पाहुण्यांकडे बघितलं. एक जण म्हणाला, "असं झालं का!" दुसऱ्यानं विचारलं, "मग आता कुठं असतो तो?" तेवढ्यात ताटं वाढायला सुरुवात झाली आणि पंगत बसली. ज्या गोष्टीवर त्यांनी चार महिने चवीनं बोलून एक शेड बंद पाडलं, तिचं खरं ऐकायला त्यांना चार मिनिटं नव्हती. मी न जेवता निघालो. माझ्या न जेवण्यानंही कोणाचं काही अडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून मुकुटबनला गेलो. मिस्त्री मुलीच्या घरासमोर, रस्त्याच्या कडेला, कापसाच्या ट्रकखाली होते. ओळखायला वेळ लागला नाही. खालून ड्रायव्हरला झापत होते.

मी हाक मारली. ते बाहेर आले. वाळले होते. मी बरणी दाखवली, आकडे सांगितले, बारशात डब्याचं सगळं बोललो तेही सांगितलं.

"किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

"चौदा महिने."

त्यांनी बरणी उघडली, एक रबर अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि परत टाकलं.

"कायले मोजले हे?"

"खात्री करायला. बावीस भरलं. नवं साडेएकोणीस."

"तुमी तं डबा पाह्यला व्हता," ते म्हणाले.

त्यांनी बरणीचं झाकण नीट फिरवून लावलं, ती माझ्या हातात दिली आणि पुन्हा ट्रकखाली गेले. मी उभा राहिलो. थोड्या वेळानं त्यांचा हात बाहेर आला आणि धुळीत पाना चाचपू लागला. पाना माझ्या पायापासून वीतभर अंतरावर पडला होता. मी वाकलो, तोवर त्यांच्या बोटांना तो सापडला आणि हात आत गेला.